ज्युलिएटचा प्रश्न

नाव ही बिनमहत्त्वाची गोष्ट आहे असे ठासून सांगावयाचे झाले की, आपल्याकडे शेक्सपिअरचा हवाला देण्याची पद्धत आहे. नांदेडच्या वकिलांपासून लातूरच्या गंजगोलाईतील व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांच्या तोंडून आम्ही तो ऐकला आहे. पण ते मत शेक्सपिअरचे नव्हे. 'रोमिओ आणि ज्युलिएट' ह्या नाटकातील, चौदावे वर्षही पुरे न झालेल्या एका मुलीचे ते बोल आहेत. आपले कोणी ऐकत नाही अशा समजुतीने, रात्री सज्जात उभी राहून ती बोलते आहे. पुढचे सारे नाटक ते बोल खोटे पाडण्यासाठीच लिहिले आहे असे आम्हांस वाटते.

तिचा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. नाव हा काही शरीराचा अवयव नव्हे. ते टाकल्याने माणूस उणा होत नाही. ती सुरुवात करते रोमिओ ह्या नावापासून, पण खरा काटा माँटेग्यू ह्या आडनावात आहे. आपल्याकडेही नवख्या माणसाचे नुसते नाव कळून भागत नाही. 'पूर्ण नाव?' असा दुसरा प्रश्न येतोच. तेवढ्यानेही अंदाज लागला नाही तर गाव विचारावयाचे, आणि मग 'पाहुणे कोणते?' कुळाच्या नावाची ही चिकटी फार जुनी आहे. राष्ट्रकूट राजे मान्यखेटाहून राज्य करीत, तरी 'लट्टलूरपुरवराधीश्वर' हे बिरुद त्यांनी सोडले नाही. हे लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे सामान्यतः मानले जाते.

आमच्या नाटककारांनी मात्र ज्युलिएटचे म्हणणे शब्दशः खरे मानले! १८८२ साली ना. बा. कानिटकरांनी ह्या जोडप्याला 'शशिकला आणि रत्नपाल' केले, तर मुसळ्यांनी 'प्रतापराव आणि मंजुळा'. पुढे आगरकरांच्या 'विकारविलसित'मध्ये हॅम्लेटचा चंद्रसेन झाला आणि देवलांनी ऑथेल्लोला झुंझारराव म्हटले. गणपतराव जोशी चंद्रसेन म्हणून उभे राहिले तरी प्रेक्षकांना हॅम्लेटच भेटला. रंगभूमीवर नाव असे सहज उतरते. घरात उतरत नाही.

किंवा असे म्हणू की, घरात ते एकाच पक्षाचे उतरते. ज्युलिएट दोन पर्याय ठेवते: तू तुझे नाव टाक, नाहीतर प्रेमाची शपथ घे, मी माझे टाकते. आपल्या लग्नात पहिला पर्याय कोणी काढीतच नाही. मुलीचे आडनाव जातेच. पुष्कळदा तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून तिचे पाळण्यातले नावही पुसले जाते. आणि ज्याच्यासाठी हे सारे टाकले, त्याचे नाव जुन्या वळणाच्या घरात तिने एरव्ही घ्यावयाचे नाही. घ्यावयाचे ते उखाण्यात. व्हेरोनातली ती मुलगी अंधारात का होईना, नाव तोंडाने घेते, हे आमच्या आज्यांना केवढे धाडस वाटले असते!

रोमिओने नाव टाकण्याचा प्रयत्न खरोखर केला. गुप्त विवाहानंतर ज्युलिएटचा मामेभाऊ टिबल्ट लढावयास आला, तेव्हा कॅप्युलेट हे नाव मला माझ्या नावाइतकेच प्रिय आहे असे तो सांगतो. विवाह कोणास ठाऊक नाही. म्हणून त्याच्या मित्राला, मर्क्युशिओला, हा भेकडपणा वाटतो. मर्क्युशिओ मरतो, मग रोमिओच्या हातून टिबल्ट. नंतर मठात, खंजीर उपसून, रोमिओ साधूला विचारतो की माझे नाव ह्या देहात नेमके कोठे राहते, म्हणजे तेवढे कापून काढतो. अवयव नव्हे म्हटलेले नाव आता शरीरात शोधावे लागते आहे.

नाव टाकून सुखाने जगतो तो संन्यासी. व्यंकटेश खेडगीकरांनी १९३२ साली संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले, पूर्वाश्रम सुटला. पण संन्याशालाही नवे नाव घ्यावेच लागते, आणि रोमिओला तर संसार हवा होता.

नावासाठी माणसे मरतात ह्याची साक्ष आपल्याला व्हेरोनात शोधावयास नको. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या जळाल्या, माणसे मारली गेली; नांदेड जिल्हाही त्यात होता. ज्यांना पिढ्यान् पिढ्या अवमानाचीच नावे मिळाली, ते आपल्या माणसाचे नाव मागत होते. त्यांना 'नावात काय ठेवले आहे?' असे विचारणारे शहाणे तेव्हा पुष्कळ निघाले. पण तेच नाव द्यावयास त्यांची तयारी नव्हती. १९९३ च्या नोव्हेंबरात गौतम वाघमारे यांनी नांदेडात आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. आंबेडकरांचे नाव आले, मराठवाड्याचेही राहिले. त्याच वर्षी नांदेडास वेगळे विद्यापीठ मिळाले, ते स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने.

नाटकाच्या शेवटी मुलांची प्रेते समोर असताना दोघे बाप हात मिळवितात. माँटेग्यू ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारण्याचे वचन देतो. आणि मुदत सांगतो ती अशी की, हे शहर जोवर व्हेरोना ह्या नावाने ओळखले जाईल, तोवर त्याच्या तोडीचा दुसरा पुतळा होणार नाही.