हुद्दा यादीत सापडत नाही

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांत एक मत फार रुजले आहे. मोडी अक्षर लागू लागले आणि लघुरूपांची यादी हाताशी असली की पूर्वज काय करत होता ते कळते, असे ते मत. पा॥ म्हणजे पाटील, दि॥ म्हणजे दिवाण, सु॥ म्हणजे सुभेदार. की झाली वंशावळ सजून. हा पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. पेशवाईतले कारकून ठरावीक साच्यात लिहीत. तेच ते शब्द दिवसभर उमटवायचे, म्हणून शब्दाचे पहिले अक्षर काढून पुढे दंड मारून मोकळे होत. साचा ठरलेला, मग यादीही ठरलेली असणार, असे कुणालाही वाटेल.

पण ठरलेला होता तो मजकुराचा साचा, अक्षराचा नव्हे. एकच पा॥ कुठे पाटील असते, कुठे परगणे, कुठे पासून, कुठे पाठविले. त्याचा अर्थ ठरतो तो त्याच्या ओळीतल्या जागेवरून. हेच दोन दंड आकड्यापुढे आले तर अर्धा दाखवतात: ४॥ रुपये म्हणजे साडेचार.

सु॥ पाहा. कागदाच्या माथ्याशी ‘सु॥ इसन्ने सबैन मया व अलफ’ असे असले, तर तिथे कुणी सुभेदार नाही. तो सुहूर सन आहे. पुढचे शब्द अरबी संख्यांचे: दोन, सत्तर, शंभर, हजार, म्हणजे ११७२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७१ येते. हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून कागद जानेवारी ते मे महिन्यांतला असेल तर ६०० मिळवायचे. यादीवर भिस्त ठेवणाऱ्याला इथे एक सुभेदार पूर्वज मिळतो आणि हाती आलेली तारीख मात्र निसटते. माझ्या मते तारीख गमावणे हे जास्त मोठे नुकसान.

दि॥ आणि नि॥ यांनी तर अनेक घराण्यांना उगाच मोठेपण दिले आहे. ‘अमका दि॥ तमका’ यातला दि॥ बहुधा दिमत असतो. अमका हा तमक्याच्या पथकातला किंवा हाताखालचा, एवढाच त्याचा अर्थ. नि॥ म्हणजे निसबत; तिचाही रोख तोच. माणूस काय करतो यापेक्षा तो कोणाकडचा, हे त्या दफ्तराला हवे होते. आपला प्रश्न त्या कारकुनापुढे नव्हताच, मग त्याच्या एका अक्षरातून उत्तर कसे काढणार?

बरे, लघुरूप बिनचूक सुटले तरी काम संपत नाही. पाटील हा शब्द वतन सांगतो, रोजचे काम नव्हे. वतन वंशपरंपरेने चाले, त्याच्या वाटण्या होत, ते विकतही घेता येई. भाऊबंदांतला एक जण गावकी पाहत असला, तरी बाकीचेही पाटीलच म्हणवत. उत्तरेत दरारा बसवणारे महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवून घेत. महसुली पाटलाचा हुद्दा कायद्याने १ जानेवारी १९६३ पासून संपला, आडनावे राहिली.

मग शोधावे कुठे? माझे म्हणणे असे, की कागद शेवटाकडून वाचावा. महजराच्या (गावच्या गोतसभेच्या निवाडपत्राच्या) किंवा खरेदीखताच्या तळाशी निशाण्या असतात. पाटलाच्या नावाशी नांगर, न्हाव्याच्या नावाशी आरसा. कधी चिन्ह काढलेले असते, कधी ‘निशाणी नांगर’ असे नुसते शब्द असतात. गोतसभेत तो माणूस कोणत्या नात्याने बसला होता, हे या निशाणीने कळते, आणि तेही नावाला लागूनच. तिथेच कुठेतरी ‘बिकलम’ असते. त्यापुढचे नाव लिहिणाराचे, कागद करून देणाऱ्याचे नव्हे; या दोघांची गल्लत झाली की लेखक आपला आजोबा होऊन बसतो. निशाणी, गावाचे नाव, सन आणि त्याच गावचा दुसरा एखादा कागद, एवढे जुळले तर हुद्द्याबद्दल बोलावे.

याद्या नवशिक्याने जरूर वापराव्यात, त्यांनी वाचनाला वेग येतो. पण पुराव्याच्या जागी त्यांना बसवू नये. वंशावळ छापणाऱ्यांना एवढीच विनंती: नक्कल करताना मूळ पा॥, दि॥ जसेच्या तसे ठेवा, आपण लावलेला अर्थ कंसात द्या आणि सोबत ती अख्खी ओळ छापा. पुढच्या वाचणाऱ्याला आपली चूक दुरुस्त करता आली पाहिजे.