चित्रामागचा मजकूर

प्रेमपत्रं लपवली जात, फाडली जात, कधी जाळलीही जात. इंग्लंडमधल्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्रेमाच्या पोस्टकार्डांचं नशीब मात्र थोर. चित्र देखणं म्हणून कार्ड अल्बममध्ये गेलं, अल्बम दिवाणखान्यात राहिला आणि चित्राच्या जिवावर मागचा मजकूरही तगला.

जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड ऑस्ट्रिया-हंगेरीत 1869 साली निघालं. ब्रिटनने पुढच्याच वर्षी ते आणलं. खासगी कार्डांना तिथल्या टपालखात्याने 1894मध्ये परवानगी दिली, पण कार्डाची एक अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी राखीव होती. त्यामुळे लिहायचं ते चित्राच्या कडेला, उरल्यासुरल्या जागेत. 1902मध्ये पत्त्याच्या बाजूचे दोन भाग करायची मुभा मिळाली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. पत्राला एक पेनी पडे, कार्डाला अर्धी. शहरांत टपाल दिवसातून अनेकदा वाटलं जाई, त्यामुळे सकाळी टाकलेल्या कार्डावर संध्याकाळची भेट ठरवता येई.

अडचण एकच. कार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, घरमालकीण वाचणार, मुलीचे वडीलही वाचणार. मग कुणी लघुलिपीत लिही, कुणी आरशात धरल्यावरच वाचता येतील अशी उलटी अक्षरं काढी, कुणी अक्षरांच्या जागी आकडे घाली. तिकीट तिरकं किंवा उलटं चिकटवूनही निरोप जाई. कोणत्या तिरकेपणाचा अर्थ काय, हे सांगणारी छापील कार्डंच विकायला होती. पण त्या कार्डांचं आपसात जुळत नसे. दोघांनी एकच कार्ड प्रमाण मानलं नसेल, तर होकाराचा नकार व्हायला वेळ लागत नव्हता.

यॉर्कशरमधल्या होमफर्थ गावच्या बॅमफर्थ कंपनीने प्रेमाच्या या भावनेचा मोठा धंदा केला. मॅजिक लँटर्न या जुन्या चित्रप्रक्षेपकाच्या काचचित्रांसाठी रंगवलेले पडदे आणि गावातलीच माणसं वापरून त्यांनी लोकप्रिय गाण्यांची कार्डं काढली. एका गाण्याची तीन-चार कार्डं, प्रत्येकावर एक कडवं. पहिल्या महायुद्धात ती अफाट खपली. खंदकाजवळ बसलेला शिपाई, वर धुरकट ढगात घरची मुलगी. चित्र भडक, बेतीव. पण मागे पेन्सिलीने घाईत लिहिलेल्या चार ओळी वाचताना त्या भडकपणाचं काही वाटत नाही. सैन्याचं अधिकृत छापील कार्ड तर याहून कोरडं. नको ती वाक्यं खोडायची, सही-तारीख घालायची. एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट होई. तरीही ‘मी ठीक आहे’ एवढं एक वाक्य न खोडता आलं, की घरच्यांना तेच पुरे होई.

जुन्या कार्डांच्या बाजारात आजही भाव ठरतो तो बहुतेकदा चित्रावर. खरा ऐवज मागच्या बाजूला आहे. मजकूर, तिकीट आणि टपालशिक्का एकत्र असले, तरच कार्ड कुठून, कधी आणि कुणासाठी निघालं ते कळतं. तिकिटांच्या हौसेपायी कार्डं पाण्यात भिजवून किंवा कात्रीने कापून असंख्य शिक्के गमावले गेले आहेत. तुमच्या घरच्या जुन्या ट्रंकेत अशी कार्डं असतील, तर तिकीट काढू नका आणि रद्दीत घालण्याआधी ती उलटून वाचा.