डेस्कटॉप कुठे अडला? : चिपटंचाईतील प्रतीक्षेचे विवेचन

२०२१ साली डेस्कटॉपची ऑर्डर नोंदवणाऱ्याला महिनोन्महिने वाट पाहावी लागत होती. ‘वरूनच माल येत नाही’ हे दुकानदाराचे ठरलेले उत्तर होते. आयडीसी या संस्थेची आकडेवारी मात्र वेगळेच सांगते. डेस्कटॉप आणि लॅपटॉप मिळून जगभरात २०२० साली सुमारे ३०.२६ कोटी संगणक कंपन्यांकडून बाजारात गेले, तर २०२१ साली ३४.८८ कोटी. म्हणजे टंचाईच्या ऐन भरात माल आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ १५ टक्के अधिक निघाला. तेव्हा उत्पादन घटले म्हणून रांग लागली, हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. प्रतीक्षा नेमकी कशातून जन्मली, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

पहिले कारण यंत्राच्या रचनेतच आहे. टंचाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रोसेसर येतो, पण मदरबोर्ड जवळून पाहावा. पॉवर सप्लायकडून येणारी वीज १२ व्होल्टची असते आणि प्रोसेसरला लागते साधारण एक-सव्वा व्होल्टची. हे रूपांतर प्रोसेसरच्या खाचेभोवती दाटीने बसवलेले छोटे स्विच आणि त्यांना हुकूम देणारी एक नियंत्रक चिप करते. शिवाय नेटवर्कची चिप वेगळी, आवाजाची वेगळी, पंखे आणि तापमान यांवर नजर ठेवणारी वेगळी. यांतल्या कित्येक चिपांची किंमत प्रोसेसरच्या मानाने नगण्य असते, पण त्यांतली एक जरी नसली तरी बोर्ड पुरा होत नाही. २०२१ मध्ये इंटेलने हीच अडचण सांगितली होती : ग्राहक-कंपन्यांकडे प्रोसेसर आहेत, पण जोडीचे बाकीचे भाग नाहीत.

याचे गणित कठोर आहे. समजा, एका यंत्राला ५० निरनिराळे भाग लागतात आणि प्रत्येक भाग वेळेवर येण्याची शक्यता ९९.५ टक्के आहे. सगळे ५० भाग एकाच वेळी हाताशी असण्याची शक्यता मग सुमारे ७८ टक्के होते. हीच खात्री प्रत्येक भागामागे ९८ टक्क्यांवर घसरली, तर सगळे जुळून येण्याची शक्यता ३६ टक्क्यांवर येते, आणि ९५ टक्क्यांवर घसरली तर ८ टक्क्यांच्याही खाली. पुरवठादार ‘आमचा माल बहुतेक वेळेवर जातो’ असे सांगत होते, ते खोटे नव्हते. तरीही जुळणीच्या कारखान्यात अर्धवट यंत्रे साचत होती, तेही खरेच होते.

मग या स्वस्त चिपांचे उत्पादन वाढवले का नाही? कारण त्या बहुतांशी जुन्या तंत्राच्या आणि बऱ्याचदा २०० मिलिमीटरच्या सिलिकॉन चकत्यांवर काम करणाऱ्या जुन्या कारखान्यांत बनतात. त्या कारखान्यांचा भांडवली खर्च केव्हाच वसूल झालेला असतो, म्हणून तर चिप स्वस्त पडते. तीच चिप काढायला नवा कारखाना उभारला तर हिशेब जुळत नाही, आणि उभारायचा ठरवला तरी दोन-तीन वर्षे जातात. चालू कारखान्यातही कोऱ्या चकतीपासून तयार चिपपर्यंत शेकडो टप्पे असतात आणि त्यांना सहज तीन महिने लागतात. त्यात अपघातांची भर पडली. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात टेक्ससची वीजव्यवस्था कोलमडली, सॅमसंगचा ऑस्टिन येथला कारखाना बंद पडला आणि तो पूर्वपदावर यायला कित्येक आठवडे गेले. प्रोसेसर ज्या बहुपदरी पाटीवर बसवतात, तिच्यातली विद्युतरोधक फिल्म अजिनोमोतो ही जपानी खाद्यपदार्थ कंपनी बनवते. त्या पाट्यांचाही तुटवडा होता. इतक्या लांबच्या दुव्यांवर एका टेबलावरचा संगणक अवलंबून असतो, हे त्या दोन वर्षांत प्रथमच अनेकांच्या ध्यानात आले.

तरीही माझ्या मते प्रतीक्षा इतकी ताणली जाण्याचे सर्वांत मोठे कारण कारखान्यात नव्हते, ते नोंदवहीत होते. रांगेच्या शास्त्रात जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे. त्यानुसार सरासरी प्रतीक्षा म्हणजे रांगेतल्या मागण्यांची संख्या भागिले दरमहा पुऱ्या होणाऱ्या मागण्या. रांगेत सहा लाख ऑर्डरी आहेत आणि महिन्याला एक लाख पुऱ्या होतात, तर थांबायचे सहा महिने. आता टंचाईच्या भीतीने प्रत्येकाने गरजेच्या दुप्पट नोंदवले, की उत्पादन तसूभरही न घटता प्रतीक्षा बारा महिन्यांची होते. ती वाढलेली पाहून लोक आणखी आगाऊ, आणखी जास्त नोंदवतात आणि रांग स्वतःलाच लांबवत जाते. अशा वेळी गाठीचा साठा धक्का सोसतो, पण तोच उरला नव्हता. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार, चिप वापरणाऱ्या उद्योगांकडचा महत्त्वाच्या चिपांचा मध्यम साठा २०१९ मध्ये ४० दिवसांचा होता. २०२१ मध्ये तो पाच दिवसांच्याही खाली गेला होता.

अपुरा माल आला की आधी कुणाला द्यायचा, हा प्रश्न उरतोच, आणि इथे न्यायाचा मुद्दा येतो. रांग दिसायला सरळ असते, पण वाटप नोंदणीच्या क्रमाने होत नाही. २०१८ च्या प्रोसेसर-टंचाईत इंटेलने सर्व्हरचे झिऑन आणि वरच्या श्रेणीचे कोअर प्रोसेसर आधी काढायचे उघडपणे ठरवले होते. स्वस्त डेस्कटॉपच्या वाट्याला उरलेसुरले आले. २०२१ मध्येही मोठे करार करणारे आणि जास्त नफा देणारे ग्राहक पुढे राहिले. ग्राफिक्स कार्डांची तर दैनाच झाली. सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरला जाहीर झालेले आरटीएक्स ३०८० हे कार्ड पुढच्या वर्षी फेरविक्रीत दुपटीहून महाग जात होते, कारण इथेरियम या आभासी चलनाचे खाणकाम करणारेही त्याच कार्डांवर तुटून पडले होते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन यंत्र जुळवणाऱ्याला निदान एका बोर्डाऐवजी दुसरा निवडायची मोकळीक असते. निविदा काढून खरेदी करणाऱ्या शाळेला ती नसते. तिथे तपशील आधीच गोठलेला असतो, दर ठरलेला असतो आणि मुदत चुकली तर दंड असतो. अशा खरेदीत ‘समतुल्य भाग चालेल’ ही एक ओळ अनेक आठवडे वाचवू शकते. ती घालायला आपल्या खरेदी-यंत्रणा का कचरतात, हे मला कळत नाही. एका वर्गाचे एक शैक्षणिक वर्ष गेले की ते परत येत नाही.

इलाज म्हणून ‘आपलाच चिप-कारखाना हवा’ ही मागणी तेव्हा जोरात आली. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. पुण्याजवळ तळेगावला येईल अशी आशा असलेला वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातला गेला, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. रोजगार आणि तंत्रकौशल्य यांसाठी असा कारखाना हवाच. त्या वादळातली तळमळ मला खरी वाटते. पण संगणकाची रांग त्याने हटली असती, हे म्हणणे टिकत नाही. एक कारखाना पन्नासांपैकी काही भागच देतो, आणि तेही तीन वर्षांनी.

रांग प्रत्यक्षात कशी संपली, यातून हे आणखी स्पष्ट होते. २०२२ च्या उत्तरार्धात कोरोनाकाळात आलेली घरून कामाची लाट ओसरली, महागाईने खरेदी मंदावली आणि कंपन्यांनी वाढवून नोंदवलेल्या ऑर्डरी मागे घेतल्या. त्या वर्षी २९.२३ कोटीच संगणक बाजारात गेले आणि गोदामांत माल साचू लागला. मोटारींच्या काही चिपांची ओढाताण पुढेही चालली, पण डेस्कटॉप पुन्हा हातोहात मिळू लागला. २०२० मध्ये जाहीर झालेल्या, टीएसएमसी या तैवानी चिप-कंपनीच्या ॲरिझोनातील कारखान्यातून तेव्हा एकही चिप विक्रीला बाहेर पडली नव्हती.