वादळातलं पाणी

आमच्या कळसला ‘वादळ झालं’ म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले: पत्रे उडाले का, ऊस लोळला का, डीपी गेली का. पाण्याबद्दल कुणी विचारत नाही. इंदापूर तालुक्याचा हा कोरडा पट्टा, समुद्र सह्याद्रीपल्याड. इथे वादळ म्हणजे वारा.

शब्दाचं कूळ मात्र पाण्याचं. संस्कृतात ‘वार्’ म्हणजे पाणी आणि ‘वार्दल’ म्हणजे झाकोळलेला, पावसाळी दिवस. त्यातून हिंदीने ‘बादल’ घेतला आणि ती ढगापाशी थांबली. मराठी ‘वादळ’ घेऊन वाऱ्यामागे धावली. तुफानाचंही तेच. अरबीत तूफान म्हणजे जलप्रलय, नूहच्या नौकेच्या गोष्टीतला. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला आणि आता गर्दी तुफान, फटकेबाजीही तुफान. पाण्याचा थेंब उरला नाही.

‘चक्रीवादळ’ त्या मानाने अलीकडचं. त्यामागचा ‘सायक्लोन’ कोलकात्याच्या हेन्री पिडिंग्टनने 1848 च्या आपल्या पुस्तकात सापाच्या वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून घडवला. नाव वाऱ्याच्या गिरकीचं, पण या गृहस्थाला धास्ती होती पाण्याची. मातला नदीवर बंदर बांधू नका, वादळ समुद्रच आत आणून घालील, असं त्याने 1853 मध्ये गव्हर्नर जनरलला कळवलं. कुणी ऐकलं नाही. पोर्ट कॅनिंग उभं राहिलं आणि 1867 च्या वादळात पाण्याने ते बसवलं.

या पाण्याला आपण ‘वादळी लाटा’ म्हणतो, ते मला पटत नाही. लाट येते, फुटते, परत जाते. इथे समुद्राची पातळीच चढते, काही तास चढलेली राहते आणि लाटा तिच्यावर स्वार होऊन येतात. इंदापूरकडे याला शब्द तयार आहे: फुगवटा. उजनीची भिंत भीमेला अडवते आणि पाणी मागे पसरत जातं, तो उजनीचा फुगवटा. समुद्रात भिंतीचं काम वारा करतो. हवेचा दाब 1 हेक्टोपास्कल उतरला की पाणी सुमारे 1 सेंटीमीटर वर येतं, पण खरा रेटा वाऱ्याचा. किनाऱ्यालगतचा समुद्र उथळ असेल तर लोटलेल्या पाण्याला तळाकडून मागे वळायला जागा मिळत नाही, आणि चढ वाढतो.

हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती केंद्रात हे संगणकावर मांडतात. समुद्राचे त्रिकोण पाडायचे, खोल पाण्यात मोठे, किनाऱ्याशी बारीक. प्रत्येकाला तळाची खोली, वारा आणि दाब द्यायचा, आणि पाणी शेजारच्या त्रिकोणात किती सरकलं हे क्षणाक्षणाने काढत जायचं. अंक वाऱ्याचे घालायचे आणि उत्तर पाण्याचं घ्यायचं.

‘निसर्ग’ चक्रीवादळ 3 जून 2020 च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. मुंबई, ठाणे, रायगडच्या सखल भागांत नेहमीच्या भरतीवर 1 ते 2 मीटर पाणी चढेल, असा हवामान खात्याचा इशारा होता. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. त्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर वादळाच्या डोळ्याच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीवर येतो, उत्तरेला जमिनीकडून समुद्रात जातो. मुंबई उत्तरेला पडली. वादळाची वाट जराशी सरकली तर फुगवट्याचा तालुका बदलतो, म्हणून एकाच वाटेवर गणित सोडवून भागत नाही. डावी-उजवीकडच्या वाटाही तपासाव्या लागतात.

त्यात वटपौर्णिमा दोनच दिवसांवर होती. पुनवेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे मंद भरती, हे कोळीवाड्यात सांगावं लागत नाही. गणितातही फुगवटा भरतीतच मिळवायचा असतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या भरती-ओहोटीत 4 मीटरच्या आसपास फरक पडतो. तेव्हा 1 मीटरचा फुगवटा ओहोटीला आला तर बंदरावरच जिरतो, आणि सहा तासांनी भरतीला आला तर घरात शिरतो. भरतीची वेळ वर्षभर आधी छापून ठेवता येते. वादळ नेमकं किती वाजता किनाऱ्याला लागणार, ही वेळ मात्र आदल्या दिवशीसुद्धा काही तासांनी पुढेमागे होते.