‘विझर्ड्री’: संगणकावरील भुयारखेळाची पायाभरणी

संगणकावरील भूमिका-खेळ, म्हणजे काल्पनिक पात्र घडवून त्याला अनुभवागणिक समर्थ करत नेण्याचा खेळ, हा १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळातून जन्मला. त्यात एक सूत्रधार भुयाराचे वर्णन करी आणि बाकीचे खेळाडू फासे टाकून राक्षसांशी लढत. सूत्रधाराचे हे काम यंत्राकडे सोपवण्याचे पहिले प्रयत्न १९७५ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणक-जाळ्यावर झाले. ते जाळे अध्यापनासाठी असल्याने व्यवस्थापकांनी असे काही खेळ पुसून टाकले, तरीही विद्यार्थी नवे लिहीत राहिले.

ही परंपरा घरगुती संगणकावर समर्थपणे आणली ती कॉर्नेल विद्यापीठाशी संबंधित अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड यांनी. त्यांचा ‘विझर्ड्री’ हा खेळ १९८१ साली सर-टेक या कंपनीने ‘ॲपल टू’ संगणकासाठी प्रसिद्ध केला. खेळाडूने योद्धा, पुरोहित, मांत्रिक, चोर अशा सहा जणांपर्यंतची तुकडी उभी करायची आणि प्रत्येकी २० गुणिले २० घरांच्या दहा मजली भुयारात उतरून, तळाशी लपलेल्या वेर्डना या जादूगाराकडून ताईत परत मिळवायचा, असे त्याचे कथानक होते.

४८ किलोबाइट स्मृतीच्या यंत्रात भव्य चित्रे मावणे शक्य नव्हते. त्यामुळे पडद्याच्या एका कोपऱ्यात मोजक्या सरळ रेषांनी भिंती व दारे दिसत, आणि भुयाराचा नकाशा खेळाडूलाच चौकटीच्या कागदावर एकेक घर मोजत काढावा लागे. काही घरांवर पाऊल पडताच तुकडीचे तोंड नकळत दुसऱ्या दिशेला फिरे, तर काही घरे तिला भलत्याच ठिकाणी नेऊन टाकत. अशा वेळी ‘डुमापिक’ हा मंत्र टंकून आपले स्थान विचारणे हा एक मार्ग असे, मात्र मंत्रांची संख्या मर्यादित असल्याने तोही जपून वापरावा लागे.

मृत्यूच्या बाबतीत हा खेळ विशेष कठोर होता. मेलेल्या सोबत्याला मंदिरात पैसे मोजून जिवंत करता येई, परंतु विधी फसला तर त्याची राख होई आणि राखेवरचा विधीही फसला तर तो कायमचा नाहीसा होई. अशा घटनांची नोंद खेळ स्वतःच तबकडीवर करत असल्याने घडलेले पुसून टाकण्याची सोय नव्हती, आणि म्हणूनच पुढे जावे की परतावे हा निर्णय खऱ्या अर्थाने जड ठरे.

जपानमध्ये १९८५ पासून या खेळाला मोठा निष्ठावंत खेळाडूवर्ग लाभला, आणि १९८६ च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे कर्ते युजी होरी यांनी त्यातील लढाईची रीत आपल्या खेळात आणली. यंत्राच्या मर्यादांमधून खेळाडूच्या बुद्धीला आणि जबाबदारीला एवढे स्थान देणारा ‘विझर्ड्री’ हा संगणकीय भूमिका-खेळांच्या इतिहासातील पायाभूत ग्रंथाच्या तोलाचा मानला पाहिजे.