बंदिस्त पाण्यातील शेवाळ : बीडचे जलाशय आणि प्रवाळ-मत्स्यालय

बीड शहराच्या दक्षिणेस काही मैलांवर असलेली खजाना विहीर हिजरी ९९१ मध्ये, म्हणजे इ. स. १५८३ च्या सुमारास, बांधली गेली. त्या वेळी अहमदनगरच्या गादीवर मुर्तजा निजामशहा होता आणि बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. स्थापत्याचे श्रेय राजा भास्कर ह्यास दिले जाते. विहिरीत दोन भुयारी मार्गांनी पाणी येते व तिसऱ्या मार्गाने ते उत्तरेकडील शेतजमिनीकडे जाते. ह्या तिसऱ्या मार्गाचा बराच भाग जमिनीखालून गेलेला आहे. अवर्षणातही न आटणारे पाणी म्हणून विहिरीची ख्याती मोठी आहे. पाणी बाहेर पडण्याच्या वाटेकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने थोडेच गेले आहे.

ह्याच शहरातील कंकालेश्वराचे मंदिर एका चौरस कुंडाच्या मध्यभागी उभे आहे. एक पाणी अंधारातून वाहते, तर दुसरे उन्हात थांबते. उघड्या आणि बांधीव जलाशयात शेवाळ व गोंडाळ का माजते, ह्या प्रश्नाचे निम्मे उत्तर ह्या भेदातच सापडते. खजाना विहिरीचा कालवा शेवाळ टाळण्यासाठी झाकला गेला, असे म्हणण्यास मात्र कोणताही आधार नाही. उताराची सोय आणि पाण्याची बचत हीच कारणे अधिक संभवनीय होत.

उरलेले निम्मे उत्तर मिळविण्यास युरोपात एक शतकाहून अधिक काळ लागला, आणि ते तळ्याकाठी जितके मिळाले तितकेच काचेच्या पेटीत मिळाले. १८४६ साली ॲना थिन ह्या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळ लंडनला आणले व ते समुद्राच्या पाण्यात जगविले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते रोज एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाई, आणि हे काम बहुधा मोलकरणीच्या वाट्यास येई. मत्स्यालयाच्या इतिहासात तिचे नाव उरलेले नाही. रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन ह्याने १८५० मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. दोन सोनमासे आणि एक पाणवनस्पती ह्यांनी परस्परांस तारावे अशी त्याची अपेक्षा होती. प्रत्यक्षात वनस्पतीची पाने कुजू लागली आणि काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्याने पाण्यात गोगलगायी सोडल्या. त्यांनी शेवाळ खाल्ले, पाणी निवळले आणि समतोल साधला असे त्यास वाटले.

ह्या समतोलाच्या कल्पनेने पुढील पिढ्यांस मोहिनी घातली, परंतु तीत एक हिशेब राहून गेला होता. गोगलगाय शेवाळ खाते तेव्हा त्यातील नत्र व स्फुरद नाहीसे होत नाहीत. विष्ठेच्या रूपाने ते त्याच पाण्यात परततात. माशांस घातलेल्या प्रत्येक घासाबरोबर त्यांत भरच पडते. पेटी बंद असल्यामुळे जमा वाढत जाते आणि खर्चाची बाजू कोरीच राहते.

विल्यम आल्फर्ड लॉइड ह्याने दुसरा उपाय योजला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे १८७१ मध्ये उघडलेल्या मत्स्यालयात प्रेक्षकांपुढील टाक्यांखाली, त्यांच्या कितीतरी पट पाणी मावेल असा काळोखा हौद होता आणि पाणी पंपाने अखंड फिरत राही. अंधारात हिरवे पाणी निवळते हे त्याने अनुभवाने जाणले होते. बीडच्या झाकलेल्या कालव्याची आठवण येथे सहज होते. परंतु साम्य येथेच संपते, कारण लॉइडचे पाणी फिरून पुन्हा टाकीतच येई, तर खजाना विहिरीचे शेतात जाई.

अंधाराचा उपाय उष्ण कटिबंधातील प्रवाळांपुढे लंगडा पडला. भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवल वास करते आणि प्रवाळाचे बरेचसे पोषण त्याच्या प्रकाशसंश्लेषणातून होते. प्रकाश तोडला तर प्रवाळ मरतो. प्रकाश दिला तर काचेवरचे नको असलेले शेवाळही वाढते. अशा स्थितीत नियमनासाठी हाती उरते ते केवळ खाद्य. सी. एम. यंग ह्यांच्या नेतृत्वाखाली १९२८–२९ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर गेलेल्या मोहिमेने भित्तीभोवतालच्या पाण्यात फॉस्फेट व नायट्रेट किती अत्यल्प असतात हे दाखविले होते. इतक्या समृद्ध जीवसृष्टीभोवती इतके निकस पाणी असावे हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु तेथे अन्नाचा कण जीवाकडून जीवाकडे जातो आणि पाण्यात फारसा सुटत नाही.

त्यानंतर मत्स्यपालकांनी शोधलेले उपाय पाहिले तर ते बहुतेक बाहेर जाणाऱ्या वाटेचेच प्रकार आहेत. १९६१ मध्ये जाकार्ता येथील ली चिन एंग ह्याने समुद्रातील सजीव खडक टाकीत ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अशा खडकाच्या प्राणवायुविरहित अंतर्भागातील जीवाणू नायट्रेटचे वायुरूप नत्रात रूपांतर करतात आणि तो हवेत निघून जातो. जर्मनीत साधारण त्याच काळात पाणी फेसाळून सेंद्रिय द्रव्य फेसाबरोबर काढून टाकण्याची यंत्रे प्रचारात आली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर ॲडी ह्यांनी १९८० च्या सुमारास शेवाळाचाच उपयोग शेवाळाविरुद्ध केला. प्रखर प्रकाशाखालील वेगळ्या जाळीवर ते मुद्दाम वाढवावयाचे आणि नियमाने खरवडून बाहेर काढावयाचे, अशी ही पद्धत आहे. ह्या सर्व उपायांत ॲडींचा उपाय शेतीच्या सर्वांत जवळचा आहे.

खर्च किती करावा ह्यासही मर्यादा आहे. साउथॅम्प्टन येथील यॉर्ग वीडेनमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२–१३ च्या सुमारास दाखविले की, नत्र भरपूर आणि फॉस्फेट अत्यल्प अशी विषम स्थिती आली तर प्रवाळ उष्णतेने अधिक लवकर पांढरे पडतात. ॲल्फ्रेड रेडफील्ड ह्यांनी १९३४ पासून मांडलेले सागरी प्लवकांतील नत्र-स्फुरदांचे प्रमाण सरासरी १६ ला १ असे आहे. ते टाकीत काटेकोरपणे राखण्याचा हव्यास व्यर्थ असला, तरी दोन्ही द्रव्ये एकत्रच विचारात घ्यावी लागतात.

बीड जिल्हा समुद्रापासून दूर, पर्जन्यछायेत आहे. येथील उन्हाळ्यात उघड्या पाण्याची वाफ झपाट्याने होते, परंतु क्षार व पोषक द्रव्ये मागेच राहतात. टाकीत विहिरीच्या पाण्याची भर घालणारा मत्स्यपालक प्रत्येक बादलीबरोबर थोडे नायट्रेटही आत आणीत असतो. तलावाचेही तसेच. वैशाखात उरलेले पाणी थोडे, उथळ, कोमट आणि पोषक द्रव्यांनी दाट झालेले असते. तळाच्या गाळात लोहाशी बांधलेले फॉस्फेट तळाशी प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात सुटते, हे क्लिफर्ड मॉर्टिमर ह्यांनी इंग्लंडमधील सरोवरांवरून १९४१–४२ मध्ये दाखविले. म्हणून वरचे शेवाळ कितीही काढले तरी गाळ तसाच राहिल्यास शेवाळ परत येते.

बालाघाटाच्या पठारावरील हलक्या, मुरमाड जमिनीच्या शेतकऱ्यास हे रसायन माहीत असण्याची गरज नव्हती. आटलेल्या तळ्यातील गाळ गाडीने शेतात नेणे ही दख्खनमधील जुनी वहिवाट आहे. पाण्यातून वाट चुकून साचलेली सुपीकता ह्या रीतीने पुन्हा पिकाकडे जाई. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ह्या नावाने हीच वहिवाट योजनेत आणली. जलव्यवस्थेच्या दृष्टीने तिचे स्वागतच करावयास हवे.

इतिहासाच्या अभ्यासकास मात्र येथे एक अडचण आहे. तळ्याचा गाळ हा एक दप्तरखानाही असतो. डायॅटम ह्या सूक्ष्म शैवलांची सिकतामय कवचे, परागकण आणि शैवलांच्या रंगद्रव्यांचे अवशेष त्यात थरावर थर साचतात. पाणी केव्हा स्वच्छ होते व केव्हा माजले, काठी कोणती पिके होती, ह्याची साक्ष त्यांतून मिळू शकते. बीडच्या जलाशयांविषयी फारसी कागद बांधणाऱ्याचे नाव व महसूल सांगतात, पाण्याच्या गुणाविषयी क्वचितच काही बोलतात. वारंवार उपसलेल्या तळ्यात हा लेख तुटक असणार, हे उघड आहे. तरीही जेथे दीर्घकाळ उपसा झालेला नाही, तेथे यंत्राच्या एका खोऱ्याने शतकांचे थर एकत्र कालवले जातात. आणि जो गाळ शेतास आणि पाण्यास हितकारक म्हणून काढला जातो, तोच हा लेख होय. चैत्र-वैशाखात पाणी तळास गेलेले असताना, खोदाई सुरू होण्यापूर्वी, तळ्याच्या सर्वांत खोल भागात एक नळी उभी रोवून गाळाचा अखंड स्तंभ काढून घेण्यास दोन माणसांचा एक दिवस पुरतो.