उपास, उपासमार आणि केडगावची प्रार्थना

दुसरबीडमध्ये बोलायचं ठरलं तेव्हा एक गोष्ट सोपी झाली. 'उपास' म्हणजे काय, हे इथं समजावून सांगावं लागत नाही. एकादशी घराघरात आहे, रमजानचे रोजे शेजारी आहेत. मराठी बायबलातही शब्द तोच आहे, उपास. पण आपल्या भाषेत याच शब्दाला 'मार' जोडला की 'उपासमार' होते. मला आज या दोन शब्दांमधल्या अंतराबद्दल बोलायचंय. हे अंतर स्वतःच्या पोटानं मोजलेली एक बाई आपल्याकडे होऊन गेली, पंडिता रमाबाई.

आधी थोडी पार्श्वभूमी. ख्रिस्ती उपास सुरुवातीपासून एकट्याचा नव्हता. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाची मंडळी एकत्र उपास करते, प्रार्थना करते आणि मग बर्णबा व शौल यांना कामाला पाठवते. 'डिडाखे' नावाच्या फार जुन्या ग्रंथात बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे वार सांगितलेत. वार ठरला म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं, हे आलंच. दुसरीकडे येशू सांगतो की उपासाचं प्रदर्शन मांडू नका. आणि त्याच्या कितीतरी आधी यशया संदेष्टा विचारतो, उपाशी माणसाला तुमच्या भाकरीतला वाटा देत नसाल तर तो उपास कसला? हा यशया लक्षात ठेवा.

आता रमाबाई. जन्म 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे, पुराण सांगत तीर्थाटन करणारं कुटुंब. 1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. साठवलेला पैसा व्रतं, दानं, देवदर्शन यांत संपला, आणि मागायची सवय नव्हती. रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय की तिरुपतीच्या बाजूच्या रानात त्यांनी पाणी आणि झाडपाल्यावर दिवस काढले. वडील गेले, आई गेली, बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या उरल्या आणि देशभर पायी हिंडल्या. अजाणतेपणी केलेला उपास आणि खायलाच नसणं यांची सरमिसळ कशी होते, हे त्या घरानं पाहिलं. देवासाठी उपाशी आहोत की अन्न नाही म्हणून, हा प्रश्न उपाशी माणसाला पडतच नाही.

तिसरा प्रकारही त्यांना ठाऊक होता. 1887 च्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन'मध्ये त्या विधवेच्या जेवणाबद्दल लिहितात: दिवसातून एकदाच, आणि एकादशीला तेही नाही. म्हणजे दुसऱ्यानं लादलेला उपास. 1882 मध्ये त्या स्वतः विधवा झालेल्या होत्या.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातलं केडगावचं मुक्ती सदन अशा मुलींनी भरलं. 1899-1900 च्या दुष्काळानंतर ही संख्या आणखी वाढली. तो दुष्काळ वऱ्हाडानंही भोगला. आपल्याकडे अकोला-खामगावला अलायन्स मिशननं अनाथ मुलं सांभाळली. याच अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलर यांच्या स्त्रियांवरच्या पुस्तकाला रमाबाईंची प्रस्तावना आहे, तेव्हा केडगाव वाटतं तेवढं आपल्यापासून लांब नाही. जालन्याजवळ, तेव्हाच्या निजामाच्या हद्दीत, नारायण शेषाद्रींनी बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं होतं. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

इथं एक अवघड प्रश्न टाळता येणार नाही. उपाशी मुलीला जेवू घालायचं आणि मग तिचा बाप्तिस्मा करायचा, यात तिची मर्जी किती? हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला, त्याआधी शारदा सदनावरून तर पुण्यात मोठा गदारोळ झाला होता. प्रश्न रास्त आहे. त्याला एका वाक्यात उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. पण पुढं जे घडलं ते या प्रश्नासकट वाचायला हवं.

1904 मध्ये वेल्समध्ये मोठं धार्मिक संजीवन झालं, बातम्या इकडे आल्या. जानेवारी 1905 मध्ये रमाबाईंनी प्रार्थनेसाठी स्वेच्छेनं येणाऱ्यांना बोलावलं. सत्तर जणी आल्या. रोज पहाटे जमायच्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली. सहा महिने, रोज. महिनाअखेरीस, 29 जूनच्या सुमारास, पहाटे एका मुलीला विलक्षण अनुभव आला आणि लवकरच रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर शांतपणे बोलत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढचे दिवस जेवणाखाण्याची, झोपेची शुद्ध राहिली नाही, अशी वर्णनं आहेत.

काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा आरडाओरडा वाटला. रमाबाईंचं म्हणणं असं होतं की भारतीय माणूस आपल्या रीतीनं भक्ती करणारच, त्याला इंग्रजी शिस्तीत का कोंबायचं?

मला यात सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, तर ताट. या मुली दुष्काळातून आलेल्या होत्या. काहींनी आईबाप भुकेनं मरताना पाहिले होते. आता त्यांच्यासमोर रोज जेवण होतं, आणि ते बाजूला सारून त्या प्रार्थनेला बसत होत्या. भरलेलं ताट बाजूला सारायला आधी ताट भरलेलं असावं लागतं. नाहीतर ती उपासमारच. म्हणून मला रमाबाईंचा क्रम ध्यानात घ्यावासा वाटतो: आधी धान्य, विहिरी, शेती, छापखाना, आणि मग ती पहाटेची प्रार्थना. यशयाचा प्रश्न त्यांनी उत्तरपत्रिकेत नाही, कोठारात सोडवला. पुढं याच मुलींचे गट आसपासच्या गावांत प्रार्थना आणि प्रचाराला जाऊ लागले.

आज विदर्भात, मराठवाड्यात कितीतरी मंडळ्यांमध्ये 'उपास-प्रार्थना' असते. सकाळपासून काही न खाता बायका जमतात, नावं घेऊन एकमेकींसाठी मागतात, कुणाचं आजारपण, कुणाच्या पोराची नोकरी, आणि शेवटी एकत्र जेवतात. मजुरीवर गेलेल्या बाईला मात्र त्या दिवशी खाडा करावा लागतो, तिची हजेरी बुडते. तिच्या वाट्याचं जेवण त्या दिवशी कोण बघतं, हे मी एकदा एका मंडळीत विचारलं, तेव्हा दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, "आम्हीच बघतो ना."

आता तुमचे प्रश्न घेऊ या.